आयपीस तुह्याकडे, नळी माह्याकडे

दारव्हा, २ डिसेंबर २०२५

रत्नप्रभा,

अक्षर ओळखूनच तुहं तोंड वाकडं झालं असन. पण फाडू नको, आधी वाच. फोन तू उचलत नाही, मग पत्रच लिहायचं राह्यलं.

मागच्या महिन्यात यवतमाळले जाऊन मोतीबिंदू काढून आली. पट्टी निघाल्यावर एक दिवस दिवेलागणीले गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उचलायले गेली अन् सहज वर पाह्यलं. बाई गं, कृत्तिका! इतके वर्षं मले तिथं कापसाचं बोंड दिसत होतं. आता एकेक तारा वेगळा, टाचणीनं टोचल्यासारखा. मिरच्या राह्यल्या बाजूले, मी तिथंच उभी राहून एकटीच हासून राह्यली होती. शेजारच्या रामीबाईनं खालून विचारलं, काय झालं म्हणून. मी म्हटलं, तारे परत आले. तिले वाटलं ऑपरेशनचं औषध डोक्यात गेलं.

दुसऱ्याच दिवशी तिले हाताशी घेतलं अन् माळ्यावरून तुह्या दादाची दुर्बीण उतरवली. नळकांड्यात कुंभारमाशीनं मातीची घरं बांधली होती, थे सगळी खरवडून काढली. आरसा मात्र शाबूत आहे. तू अन् तुह्या दादानं तेलाच्या ड्रमवर ठेवून, भोवती फिरून फिरून घासलेला आरसा थो, काय होते त्याले! कडेले थोडे चट्टे पडले, बस. घमेल्यात पाणी घेऊन, बोट न लावता धुतला, ते सांगत तसाच.

आता मुद्द्याचं. ते गेल्यावर दुर्बीण एका शाळेले द्यायचं घरात ठरलं, अन् तू रागानं, ज्याले डोळा लावायचा ते पितळी आयपीस डब्यासकट पिशवीत घालून जबलपूरले निघून गेली. शाळेवाले आले, नळी पाह्यली, म्हणाले याचे डोळे कुठं आहेत, अन् हात हालवत परत गेले. तेव्हापासून अर्धी दुर्बीण तुह्याकडे, अर्धी माह्याकडे, अन् दोघींच्या तोंडाले कुलूप. कोण बरोबर अन् कोण चूक, हे ठरवायले मी बसली नाही. अन् आयपीस मागायले तर मुळीच बसली नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी नवे घेणार.

पण बाजार लय बदलला बाप्पा. मोबाइलवर पाह्यलं तर आयपीसच कितीक तऱ्हेचे. पंचवीस मिलिमीटर, दहा, सहा, चार. वरतून बार्लो नावाचं एक भिंग, ते मध्ये घातलं की दुप्पट मोठं दिसते म्हणे. चंद्रासाठी काळा फिल्टर वेगळा. नेम धरायले लाल ठिपक्याचा फाइंडर वेगळा. दुकानदार फोनवर म्हणाला, चार मिलिमीटरचा घ्या काकू, सगळ्यात मोठं त्याच्यातच दिसते. मले या माणसाचा भरवसा वाटत नाही. या घरात आयपीसचं तुलेच समजे, म्हणून विचारून राह्यली. काय घेऊ? दोन ओळी लिहिल्या तरी चालन. ख्यालीखुशाली लिहायची सक्ती नाही.

तुही वहिनी,
कालिंदी


दारव्हा, १९ डिसेंबर २०२५

रत्नप्रभा,

तुहं कार्ड मिळालं. "चार घेऊ नको. पंचवीस घे." ना प्रिय, ना नमस्कार, ना खाली नाव. तार पाठवल्यासारखं. पण मी थे कार्ड रामीबाईले दोनदा वाचून दाखवलं, अन् तिनं दोन्ही वेळा विचारलं, पुढं काय लिहिलं आहे.

कार्ड यायच्या आधीच चारवाला घेऊन बसली होती. उतावीळपणा, दुसरं काय. त्याच्यातून दिसते ते दुधात बुडवल्यासारखं दिसते, अन् दिसते न दिसते तोच तारा सरकून पळून जाते. मग तुह्या सांगण्यावरून पंचवीसवाला मागवला. चारवाला नुसता नळीच्या तोंडाशी धरून पाह्यला होता, हा आत बसवायले गेली तर नवीनच कुटाणा! तो नळीतच जाईना. आयपीस धरणारा आपला फोकसर, त्याची नळी आहे बारीक, अन् बाजारचे सगळे आयपीस एकाच मापाचे, तिच्यापेक्षा जाड. शेवटी सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापला, नळीच्या तोंडावर चढवला, अन् त्याच्यात आयपीस खोचला. मान टाकते तो, पण एका हातानं धरलं की पाहाता येते.

आता जे लिहून राह्यली त्याले हासू नको. पह्यल्याच दिवशी सांजच्याले रामीबाईले म्हटलं, ये, तुले शनीचं कडं दाखवते. दुर्बीण लावली, डोळा लावला, अन् कडं नाही! नुसता पिवळा गोळा. रामीबाईनं पाह्यलं अन् म्हणाली, हे तर लिंबात सुई खुपसल्यासारखं दिसून राह्यलं. मी परत पाह्यलं, तर खरंच, आरपार एक बारीक रेघ तेवढी.

मले वाटलं भिंग हलकं असन, म्हणून बार्लो मागवला. लिंबू मोठं झालं, सुई सुईच राह्यली. मग वाटलं आरसा बसला. मग वाटलं माहा डोळाच बसला. दुसऱ्या दिवशी सकाळीच यवतमाळले डॉक्टरकडे गेली. त्यानं तपासलं, म्हणाला काकू, डोळा ठणठणीत आहे, तुम्हाले नेमकं काय दिसत नाही? मी म्हटलं, शनीचं कडं. तो लेकाचा म्हणाला, ते माह्याकडे येत नाही.

मले खरं सांग रत्नप्रभा. आपण तिघं इथंच या गच्चीवर पाहात होतो, तेव्हा कडं एवढं मोठं दिसे की नाही? की म्हातारपणी मी मनानंच वाढवून ठेवलं? मी खरंच घाबरली आहे.

कालिंदी


दारव्हा, ६ जानेवारी २०२६

रत्नप्रभा,

भैताड म्हटलं तू मले! नऊ वर्षांनी पोस्टकार्डाची मागची-पुढची बाजू भरून पत्र लिहिलं, अन् पह्यलाच शब्द भैताड. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

"भैताड, कडं गेलं नाही, आडवं झालं आहे. आपल्याले त्याची नुसती धार दिसून राह्यली. दर चवदा-पंधरा वर्षांनी होते असं. दादानं पंच्याण्णवले दाखवलं होतं, तेव्हा तू माह्या बाजूलेच उभी होती."

वाचलं अन् सगळं आठवलं. त्यांनी ताट आणायले लावलं होतं मले स्वयंपाकघरातून. आधी उभं धरलं, मग हळूहळू आडवं केलं, अन् म्हणाले, पाहा, आता ताट दिसते काय? नुसती कड. हे मीच विसरली! अन् त्याच्यापायी बार्लो आणला, डॉक्टरचं डोकं खाल्लं. रामीबाईले ताट धरूनच समजावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे शनी चांगला आहे, तुहंच काही खरं नाही.

तू कार्डात दादा लिहिलं. माह्याशी बोलताना तो शब्द तू त्यांच्यानंतर एकदाही काढला नव्हता. असो, तो विषय नाही काढत. रडायचं पत्र नाही हे.

आता एक काम आहे अन् ते तुह्याशिवाय होत नाही. सायकलच्या ट्यूबले कंटाळून काल फोकसर खोलला अन् पांढरकवड्याले उत्तमसिंगकडे घेऊन गेली. आठवते ना, हायवेवर लोखंड-पितळ कातायची लेथ टाकून बसलेला, ज्यानं ट्रकच्या पितळी बुशातून आपला फोकसर बनवला होता, अन् आयपीसच्या नळ्या पण? मिशा पांढऱ्या झाल्या, पण गमजा तशाच. फोकसर हातात घेतला अन् सगळ्या ड्रायव्हर लोकाइले बोलावून सांगत बसला की अशी चीज अख्ख्या हिंदुस्थानात दुसरी नाही, नासावाल्यांनी माप मागितलं तरी देणार नाही. मी म्हटलं, मापाचंच तर रडगाणं आहे. तुम्ही फोकसर अन् आयपीस एकमेकांच्या मापाचे केले, अन् दुनियेचं माप वेगळं निघालं.

तो म्हणाला, नळी आतून बोर मारून रुंद करून देतो, बाजारचा आयपीस मक्खन जाईन. अन् मशीन चालू करायच्या आधी थांबला. "भाभी, एक बार सोच लो. बोर हो गया, तो वो पुराने इसमें कभी नहीं बैठेंगे."

मी फोकसर उचलून परत पिशवीत घातला. तो वैतागला. होळीनंतर लेथ विकून पोराकडे नागपूरले चालला आहे, जे करायचं ते त्याच्या आत करा म्हणाला.

तर विचारून राह्यली. कापू का नको? हा फोकसर एकट्या माहा नाही. कापला तर तुह्याकडचे आयपीस शोकेसमध्ये ठेवायच्या कामाचे, अन् आपल्या दोघींची मिळून ती एक दुर्बीण परत कधी होत नाही. तू हो म्हटल्याशिवाय मी कापत नाही.

वहिनी


दारव्हा, २८ जानेवारी २०२६

रत्नप्रभा,

तीन आठवडे उलटून गेले. जबलपूरले टपाल बैलगाडीनं जाते काय?

बरं, नको सांगू. मीच सांगते. लाल ठिपक्याचा फाइंडर घेतला, अन् ही एक वस्तू मात्र देवमाणसानं काढली असन. आठवते, आपण जमिनीवर आडवं होऊन, नळीवर सुतळी ताणून नेम धरत होतो, अन् उठताना तू मले हात देत होती? आता उभ्या उभ्या ठिपका ताऱ्यावर ठेवायचा, झालं. चंद्राचा फिल्टर घेतला नाही. चंद्र पाहाताना गच्चीवरचा बल्ब लावून ठेवते, मग चंद्राच्या उजेडानं डोळ्याची आग होत नाही. बसायले शिंप्याचं स्टूल आणलं. दुकानात तारे पाहणाऱ्यांची खास खुर्ची मिळते म्हणे, पण माह्या बुडाले शिंप्याचं स्टूल पुरते.

अन् गुरू! सांज झाली की गुरू असा वर येते की रामीबाई रोज पोळ्या आटोपून वर येऊन बसते. त्याचे चार चंद्र दिसतात, रोज जागा बदलून. परवा तीनच होते. रामीबाई म्हणाली, चौथा रुसून मागं जाऊन बसला असन. मी म्हटलं, असन, त्याचं नाव रत्नप्रभा असन. ती इतकी हासली की आयपीस ट्यूबमधून निसटून तिच्या ओटीत पडला.

ऐक आता. तीन मार्चले, होळीच्या पौर्णिमेले, चंद्रग्रहण आहे, अन् आपल्या इथं चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार आहे. म्हणजे वर येईन तोच एका बाजूनं चावलेला. थोडाच वेळ दिसन, मग सुटन. गच्चीवरून पूर्वेले अजूनही मोकळं आहे, कोणी माडी चढवली नाही. मले तो सायकलच्या ट्यूबमधून पाहायचा नाही, अन् एकटीनं तर नाहीच नाही. तू ये. ये म्हणायले मले जड जाते हे तुले माहीत आहे, तरी म्हणून राह्यली.

अन् कापायचं काय ते कळव. उत्तमसिंगचे दोन फोन येऊन गेले.

वहिनी


दारव्हा, १४ फेब्रुवारी २०२६

रत्नप्रभा,

"कापून टाक."

कार्डावर एवढंच. मी उलटून पाह्यलं, मागं काही असन म्हणून. मागं पत्ता. वाईट वाटलं, लपवून काय करू. रामीबाई संध्याकाळी वर आली तर तिले सांगितलं आभाळ आलं आहे. आभाळ स्वच्छ होतं, तिले दिसून राह्यलं होतं, पण ती पायऱ्या उतरून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी रागानं फोकसर उचलला, जीपनं यवतमाळ, तिथून एसटीनं पांढरकवडा. म्हटलं, हिनंच सांगितलं ना, मग होऊन जाऊ दे एकदाचं. उत्तमसिंगनं फोकसर लेथवर चढवला, मशीन चालू केली, पातं नळीपाशी आणलं. अन् मी ओरडली. असं ओरडली की शेजारच्या पंक्चरवाल्याच्या हातातून टायर सुटला. उत्तमसिंगनं मशीन बंद केली अन् मले पाणी देलं. म्हणाला, भाभी, तुम लोगों का कुछ समझ में नहीं आता. मी म्हटलं, मले तरी कुठं समजते.

तर कापला नाही. तू कापून टाक लिहिलं, अन् मी नाही कापला. या घरात तुहं ऐकायचं असं कधी ठरलं होतं? तुहे आयपीस जिथं बसायचे तिथंच बसतीन, नाही तर ती जागा रिकामी राहीन. मले सायकलची ट्यूब पुरते. फाटली तर दुसरी लावीन, ट्यूबची काही कमी नाही दारव्ह्यात.

तीन मार्चले चंद्र सूर्य बुडायच्या वेळेलेच उगवते. मी दुपारपासून गच्चीवर राहीन. दरवाजा नुसता लोटलेला असन.

वहिनी


दारव्हा, ५ मार्च २०२६

रत्नप्रभा,

काल पांढरकवड्याच्या स्टँडवर नागपूरची बस सुटता सुटता तू खिडकीतून मले हावरट म्हणाली. बस गेली, अन् माहं उत्तर तोंडातच राह्यलं. म्हणून घरी येऊन पह्यलं हेच लिहायले घेतलं. झालं काय ते तुले माहीतच आहे, पण माह्या बाजूनं एकदा ऐक.

परवा दुपारी फाटक वाजलं. मी गच्चीवरून वाकून पाह्यलं, तर तू. केस सगळे पांढरे, अन् पोटाशी डबा असा धरलेला की कोणी हिसकावून नेईन. मी धावत खाली आली, तर तू माह्याकडे न पाहाता रामीबाईले म्हणाली, "तिले सांगा, मी चंद्र पाहायले आली. बोलायले नाही." रामीबाई मले म्हणाली, त्या चंद्र पाहायले आल्या. मी म्हटलं, ऐकलं मी. चहा घेणार काय, हे पण रामीबाईच्या मार्फत, साखर किती, हे पण रामीबाईच्या मार्फत. ती बिचारी दोन पावलांवर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांचे निरोप पोचवून पोचवून घामाघूम झाली.

वर आल्यावर तू डबा उघडला. फडक्यात गुंडाळलेले पितळी आयपीस, घासून लख्ख केलेले. तू त्यातला मोठा काढला, सायकलची ट्यूब दोन बोटांत धरून, मेलेली पाल उचलावी तशी बाजूले टाकली, अन् आयपीस नळीत सोडला. तो आत उतरताना जो बारीक आवाज झाला, तो ऐकून आपण दोघींनी एकाच वेळी मान खाली घातली.

मग तू लाल ठिपक्याच्या फाइंडरमध्ये डोकावली, अन् रामीबाईले म्हणाली की हे बरं घेतलं तिनं. नऊ वर्षांत तू केलेलं पह्यलं कौतुक, तेही दुसऱ्याच्या हातानं. मी तरी घेतलं.

चंद्र उगवला तो धुरकट, तांबूस, अन् खरंच एका बाजूनं खाल्लेला. रामीबाई हात जोडून उभी राह्यली. फाइंडरपाशी मी होती, म्हणून पह्यला डोळा मीच लावला. अन् मी तिथंच राह्यली. ग्रहण सुटत चाललं होतं, तू मागं येरझारा घालून राह्यली होती, बांगड्यांचा आवाज येऊन राह्यला होता, रामीबाई मले खुणा करून राह्यली होती. मी हालली नाही. शेवटी तुह्यानं राहावलं नाही.

"सरक ना वहिनी. मले पण पाहू दे."

मी तरीही सरकली नाही. तू अजून एकदा म्हटलं, मग जोरात म्हटलं, मग माह्या खांद्याले धरून हालवलं. मग मी बाजूले झाली. तुले शेवटचा जरासा तुकडा मिळाला, अन् त्याच्यावरून तू जेवताना भांडली, झोपताना भांडली, अन् काल उत्तमसिंगपुढं पण भांडली. तो फोकसर न कापता बाजारच्या मापाची दुसरी नळी, अदलाबदल करायची, बनवून देत होता, लेथवरचं शेवटचं काम म्हणून, तेव्हा तू त्याले तक्रार सांगितली की ही बाई कोणाले पाहू देत नाही. अन् शेवटी हावरट.

तर उत्तर हे. मले चंद्र दिसतच नव्हता. तू आयपीस बसवला तेव्हापासून डोळे भरून आले होते, अन् डोळा लावला तर नुसतं पाणी दिसून राह्यलं होतं. चंद्रासाठी नव्हती उभी मी. तू वहिनी म्हटलं ते ऐकलं, अन् आणखी एकदा म्हणशीन म्हणून उभी राह्यली.

कालिंदी